न वाचायचा जी

माझे वडील अकोल्यात पेंटर होते. घरं रंगवणारे नव्हे, अक्षरं रंगवणारे. दवाखाने, वकिलांची ऑफिसं, पिठाच्या गिरण्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवरचं त्रिशरण, सगळं त्यांच्या हातचं. ते चौथीपर्यंत शिकले होते. मराठी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. इंग्रजी मात्र त्यांना वाचता येत नव्हतं, नुसतं रंगवता येत होतं. कागदावर जे लिहून दिलं असेल, ते फुटभर उंचीच्या अक्षरांत ते असं उतरवायचे की गिऱ्हाईक मान तिरकी करून बघत राही.

मी पाचवीत गेले, इंग्रजी शिकायला लागले, तेव्हापासून घरातला स्पेलिंगचा विभाग माझ्याकडे आला. लोक मजकूर तोंडी सांगून जायचे. रात्री जेवणं झाली की बाबा तो मला सांगत आणि मी वहीच्या पानावर कॅपिटल अक्षरांत लिहून देई. बाबांचा माझ्यावर भरवसा होता, माझा माझ्यावर त्याहून जास्त.

सातवीत असताना एक बोर्ड आला. बसस्टँडकडे जायच्या रस्त्यावर विदेशी दारूचं दुकान निघत होतं. आमच्या घरात दारूचं नाव काढत नसत, पण बाबा म्हणाले, अक्षर पीत नाही. त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी फॉरेन हा शब्द कानाला ऐकू आला तसा लिहिला. बाकी सगळी अक्षरं होती, फक्त जी नव्हता. तिसऱ्या दिवशी मालक आमच्या दारात. कुणीतरी शिकलेला माणूस त्याला बोर्ड दाखवून हसला होता.

एक अक्षर वाढवायचं म्हणजे किती काम, हे मला तोवर माहीत नव्हतं. बोर्डावरची अक्षरं मोजून बसवलेली असतात, मध्ये घुसायला जागा नसते. बाबांना ती अख्खी ओळ पत्तीनं खरवडावी लागली, पुन्हा अस्तर मारावं लागलं, ते वाळू द्यावं लागलं, आणि मग सगळी अक्षरं थोडी थोडी बारीक करून नव्यानं लिहावी लागली. दोन दिवस ते उन्हात शिडीवर होते. घरी आले तेव्हा मान भाजून काळी पडली होती.

हातपाय धुऊन त्यांनी मला विचारलं, "हा जी बोलाचा कसा?"

"बोलत नाहीत बाबा. तो नुसता असतो."

"बोलत नाहीत तं लिहाचा कायले?"

मी मागच्या अंगणात जाऊन रडले. बाबांनी पुढे तो विषय काढला नाही, आणि पुढच्या बोर्डाचा मजकूर पुन्हा मलाच सांगितला.

मी इंग्रजीत एमए केलं ते अमरावतीला. तिथल्या लायब्ररीत एक जाडजूड डिक्शनरी होती. ती घरी न्यायला देत नसत, तिथंच उभ्यानं बघावी लागे. त्यात प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात त्याचा जुना अर्थ आणि जुनं घर दिलेलं असे. मला त्याचं वेड लागलं. एक वही केली आणि त्यात आय-जी-एन ही तीन अक्षरं एकापुढे एक येतात असे शब्द गोळा करायला लागले. सुरुवात कुठून झाली असेल ते सांगायला नको.

साइन म्हणजे मुळात नुसती खूण. डिझाइन म्हणजे खूण करून आखून घेणं, जे बाबा खडूच्या दोरीनं रोज करत. रिझाइन म्हणजे आपण नोकरी सोडणं समजतो, पण त्याचं मूळ लॅटिनमध्ये लाखेची मोहोर तोडण्यापर्यंत जातं. आता ज्याला आपण सोंग घेणं म्हणतो, तो फेन शब्द एकेकाळी ओल्या मातीला आकार देण्याचा होता. त्या वहीतले अर्थ वाचताना मला वाटे, शब्द म्हणजे गावाकडून शहरात येऊन स्थिरावलेली माणसं आहेत. जरा खोदून विचारलं की गाव सांगतात.

आणि मग एक दिवस धीर करून फॉरेनचंच पान उघडलं. त्याचं मूळ दार या शब्दात होतं. फॉरेन म्हणजे दाराबाहेरचा, एवढंच. खाली लिहिलं होतं की या शब्दात जी मुळात नव्हताच. राज्य करणं या अर्थाच्या रेन शब्दात तो खरा होता, त्याचं बघून लोकांनी तो इथंही घुसवला. म्हणजे तो जी चुकून आलेला, आणि मग कायमचा राहून गेलेला.

मी तशीच खाली उतरले आणि एसटीडी बूथवरून अकोल्याला फोन लावला. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात होता. दुकानदारानं हाक मारून बाबांना बोलावलं. ते धापा टाकत आले असणार, कारण पहिला प्रश्न होता, "काय झालं? बरी हायेस ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे आपलं बरोबर होतं?"

"अगदी जुन्या काळाच्या मानानं बरोबर होतं, बाबा. चुकीचा जी त्यांनीच घातला."

ते हसले. मग म्हणाले, "मंग तू तवा मांगं जाऊन रडली कायले?"

माझं रडणं त्यांना माहीत होतं, हे मला दहा वर्षांनी कळलं. बूथमधून बाहेर आले तेव्हा मला एकदम हलकं वाटत होतं. सातवीतल्या मुलीच्या अंगावरून कुणीतरी ती शिडी उचलून नेली होती.

तेव्हापासून बाबांना सवय लागली. कुठलाही इंग्रजी शब्द कानावर आला की ते विचारत, "याचं पहिले काय होतं?" मला माहीत असेल तर सांगे, नसेल तर शोधून सांगे. पुढे मी दर्यापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, लग्न होऊन अमरावतीत राहिले, रोज बसनं जाऊ-येऊ लागले. फ्लेक्स आले आणि बाबांचे बोर्ड संपले. नंबरप्लेटा आणि भिंतींचं थोडं काम उरलं. आई गेल्यावर ते माझ्या धाकट्या भावाकडे अकोल्यातच राहिले. भाऊ एमआयडीसीत दालमिलमध्ये सुपरवायझर आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाबा आठ दिवसांसाठी माझ्याकडे आले. ऊन तापायला लागलं होतं, तरी त्यांच्या गळ्यातला दुपट्टा घरातही निघत नव्हता. दुसऱ्या दिवशी आंघोळीहून आले तेव्हा मला दिसलं. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, लिंबाएवढी गाठ होती.

"हे काय आहे बाबा?"

"दाढीचं काही असन."

"कधीपासून आहे?"

"हाय असंच. दिवाळीच्या आंधीपासून."

"दिवाळीच्या? आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"दुखत नाही तं सांगाचं काय?"

मी बोट लावून बघितलं. टणक होती आणि बोटाखाली जराशी हलत होती. त्या दिवशी कॉलेजला रजा टाकली आणि त्यांना घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी दोन्ही बाजूंनी मान चाचपली, जीभ बाहेर काढायला लावली, डोळे घट्ट मिटायला लावले, दात दाखवायला सांगितले. मग म्हणाल्या, "लाळेच्या ग्रंथीची गाठ वाटते. बारीक सुईनं आतलं थोडं घेऊ आणि तपासायला पाठवू. बिनाइन आहे की मॅलिग्नंट, ते रिपोर्टात कळेल. चार दिवस लागतील."

मी चार दिवसांनी कोणता वार येतो ते बोटांवर मोजलं. बाबा मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"डॉक्टरसाहेब, ते दोन शब्द लिहून देता काय?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दोन्ही शब्द कॅपिटलमध्ये सुटे सुटे लिहिले आणि सांगितलं, "वरचा चांगला, खालचा वाईट." बाबांनी कागद लांब धरून बघितला.

"दोघायतबी जी हाय," ते म्हणाले.

सुई टोचून घेतली तेव्हा त्यांनी हूं का चूं केलं नाही. संध्याकाळी गॅलरीत चहा पिताना त्यांनी तो कागद खिशातून काढला.

"बिनाइन म्हणजे साधी गाठ. आन पहिले काय होतं?"

हे दोन्ही शब्द माझ्या त्या वहीत होते. मी वर्गातही ते कितीदा सांगितले होते. त्याच सुरात सांगायला लागले. "बिनाइन म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला, बाबा. म्हणून मग दयाळू, सुस्वभावी. आणि मॅलिग्नंट ज्या मलाइन शब्दावरून आला, तो म्हणजे वाईट जन्माचा. म्हणून दुष्ट, दुसऱ्याचं वाईट चिंतणारा."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"जन्मावरूनच?"

मी हो म्हटलं.

"तिथंबी हेच हाय तं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पण हे वाक्य त्यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या आयुष्यातून आलं होतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती याच एका गोष्टीचा कंटाळा येऊन. वीस वर्षं मी ते दोन शब्द वहीत बाळगले, पोरांना मजेनं सांगितले, आणि त्या घरातली मुलगी असून मला त्यात काही खटकलं नव्हतं. मला लाज वाटली.

मग मी म्हणाले, "ते फार जुनं झालं बाबा. आता डॉक्टर गाठीचं कुळ बघत नाहीत. ती कशी वागते ते बघतात. एका जागी राहते की दुसरीकडे जाऊन त्रास देते, एवढंच."

"वागते कशी ते?"

"हो."

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले आणि बशी पुन्हा उचलली. "वागण्यावर ठरू दे."

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला जायला निघाले. मी थांबा म्हटलं तर म्हणाले, "इथं बसून का ते कमी होऊन राहिली?" त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, म्हणून रिपोर्टासाठी त्यांनी दवाखान्यात भावाचा नंबर देऊन टाकला होता. मी भावाला फोन करून सांगितलं, रिपोर्ट आला की आधी मला पाठव. तो बरं म्हणाला. त्याचा आवाजच सांगत होता की तो रोज नेटवर काहीबाही वाचतो आहे.

चौथ्या दिवशी मी दर्यापूरला स्टाफरूममध्ये अकरावीचे पेपर तपासत होते. साडेअकरा झाले असतील. भावाचा फोन आला.

"ताई," तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना.

"काय रे? रिपोर्ट आला?"

"निगेटिव्ह आला ताई. मॅलिग्नन्सी लिहून हाय. तू ये."

"नीट वाच. काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर सांग."

"आता काय सांगू? मावशी आली, काका आले. तू ये ना."

"मला फोटो पाठव."

"पाठवतो," म्हणाला आणि फोन ठेवला. मी परत लावला, लागला नाही. पुन्हा लावला, बिझी. तो नातेवाइकांना कळवत सुटला असणार.

आता सांगताना सोपं वाटतं. निगेटिव्ह हा शब्द त्यानं सांगितला होता, आणि मी इंग्रजीची मास्तरीण. पण त्या क्षणी माझ्याही कानात दुसराच शब्द शिरला होता आणि त्यानं सगळी जागा व्यापून टाकली होती. मी लाल पेनाला टोपण लावलं, पेपर कपाटात ठेवले, प्राचार्यांना सांगितलं आणि स्टँडवर आले. अकोल्याची बस नुकतीच गेली होती. जीप भरत होती, तीत बसले.

जीपमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होती, मांडीवर मेथीची पिशवी. दोन्ही बाजूंना कापूस उपटून काळी कुळकुळीत शेतं पडली होती. मी फोन हातात धरून बसले होते. भावानं फोटो पाठवला होता, पण तो उघडत नव्हता. पांढऱ्या चौकोनात गोल फिरत होता, थांबत होता. मी बाबांच्या मानेला लावलेल्या बोटाचा विचार करत होते. दिवाळीला मी अकोल्याला दोन दिवस राहून आले होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पूर्णेचा पूल आला, तिथं नेटवर्कच्या दोन काड्या दिसल्या आणि फोटो उघडला. तिरपा काढलेला, भावाच्या अंगठ्याची सावली पडलेली. मी बोटांनी मोठा केला. मधोमध ठळक अक्षरात ओळ होती, निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी. तिच्या खाली, लाळग्रंथीची बिनाइन गाठ, आणि तिचं लांबलचक डॉक्टरी नाव.

मी पहिल्यांदा वाचलं आणि विश्वास बसला नाही. दुसऱ्यांदा पोरांच्या उत्तरपत्रिकेसारखं शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. तिसऱ्यांदा रुग्णाचं नाव, वय, तारीख वाचली. बाबांचंच होतं. मग माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

म्हातारी बाई म्हणाली, "काय झालं व माय? कोनी गेलं काय?"

"नाही आजी. वडलांचा रिपोर्ट चांगला आला."

"मंग रडतेस कायले?" तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "पी. लोकाइले वाटन काही वंगाळ झालं."

मी पाणी प्यायले. भावाला फोन लावला, तो अजून बिझीच होता. मेसेज टाकला, रिपोर्ट चांगला आहे, बाबांना काही झालेलं नाही. तो त्यानं वाचला नव्हता.

घराबाहेर चपलांचा ढीग होता. आत गेले तर मावशी भिंतीला टेकून डोळे पुसत होती, काका खाली बघत होते, भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी, आणि भाऊ पलंगाच्या कडेला डोकं धरून बसलेला. या सगळ्यांच्या मध्ये खुर्चीवर बाबा चहात टोस्ट बुडवून खात होते.

"आली काय बाई," ते म्हणाले. "वाच बरं. हे लोकं आयकून नाही राहिले."

मी उभ्यानंच सांगितलं, "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे. कागदावर लिहिलंय की कॅन्सर आढळला नाही."

मग भाऊ म्हणाला, "पण निगेटिव्ह लिहून हाय ना ताई?"

"निगेटिव्ह म्हणजे नाही. नसणंच चांगलं आहे इथं."

त्यानं मान खाली घातली आणि रडायला लागला, पण ते वेगळं रडणं होतं. मावशी उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

बाबांनी शर्टाच्या खिशातून ती चिठ्ठी काढली. घड्यांवर मऊ पडली होती. "मीनं सांगतलं याले. डॉक्टरबाईनं लिहून देल्ला तो वरचा शब्द रिपोर्टात हाय. पाहा, बी, ई, एन, आय, जी, एन. एकन् एक अक्षर जुळते. याले दाखोलं तं म्हणे, बाबा, तुमाले इंग्रजी येते काय."

"पण बाबा, दुसराही शब्द होता त्यात. तुम्हाला दिसला असेल."

"दिसला ना. अर्धा तोच होता, शेवट वेगळा होता. पन त्याच्या आंधी आणखी काही लागून होतं, आन हा चांगला शब्द मोकया होता."

"मग तुम्हाला खात्री होती?"

त्यांनी टोस्टचा शेवटचा तुकडा खाल्ला. "नाही, पक्कं नव्हतं," ते म्हणाले. "भेव तं वाटतच होतं. म्हटलं, तू येशीन, वाचशीन. रडाचं असन तं मंग रडता येईन."

भावजयीनं सगळ्यांना पुन्हा चहा ठेवला. काका उठून बाहेर गेले आणि ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्यांना फोन करत बसले. त्यांचा मोठा आवाज आत येत होता, "नाही नाही, साधी निंघाली, साधी." दर फोनला तो अधिक खुशीत येत होता. घरात कुणीच दुपारी जेवलं नव्हतं. चार वाजता भावजयीनं पिठलं केलं, भाकरी टाकल्या आणि सगळे पंगत मांडल्यासारखे जेवले. मी किती भाकरी खाल्ल्या ते मला आठवत नाही.

गाठ काढायची होतीच. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की साधी असली तरी ठेवू नये, वाढत जाते. एप्रिलमध्ये अमरावतीला ऑपरेशन झालं. चेहऱ्याची नस गाठीला चिकटून होती, ती त्यांनी जपून सोडवली, पण काही आठवडे ओठ वाकडा राहील म्हणाल्या. तसा तो राहिला. दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला होता. वाटेत बाबांना उसाचा रस प्यावासा वाटला. पहिलाच घोट ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर सांडला. भाऊ घाईघाईनं रुमाल काढायला लागला. बाबा हसले, तर हसूही एकाच बाजूनं आलं. ते पाहून मला हसू आलं, मग भावालाही. रसवाला आमच्याकडे बघत राहिला.

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आठवड्यात भावाच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर बाबांचा चेहरा इतका जवळ होता की नुसतं नाक आणि मिशा दिसत होत्या. मागून भाऊ सांगत होता, फोन जरा लांब धरा. बाबांनी हात लांब केला, दात दाखवले, गाल फुगवले, मग ओठ मिटून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"पाह्य बरं," ते म्हणाले, "झाला ना सरळ?"

झाला होता.